बोटभर फट

स्क्रूड्रायव्हर तुळईत शिरला तो थेट मुठीपर्यंत. शिऱ्यात चमचा जावा तसा. मी तो बाहेर काढला, पुसला आणि डॉक्टर केळकरांकडे पाहिलं.

"मेधाताई, हे वाईट आहे का हो?"

"तुम्ही दोघं झोपता कुठे?"

"इथेच, वरच्या खोलीत."

"आजपासून मागच्या बाजूला झोपा."

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुनी लाकडी घरं कशावर उभी आहेत आणि कुठवर उभी राहतील, हे सांगणं माझं काम. दुसरा भाग ऐकायला कुणाला आवडत नाही. शिरीष केळकर साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. त्यांनी आणि त्यांची बायको मंजिरी हिनं मोठ्या हौसेनं जवळच्या खेड्यात हे घर घेतलं होतं. पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या तुळयांच्या चौकटी, बिस्किटांच्या डब्यावर असतं तसं, ट्यूडर राजांच्या काळचं. गावाचं नाव सांगत नाही. मला तिथे अजून चहाला बोलावतात.

असं घर म्हणजे ओकचा सांगाडा. चौकटींच्या मध्ये काड्यांचं विणकाम, त्यावर माती, गवत आणि शेणाचा गिलावा, वरून चुना. आपल्या कोकणातला कूडच की! इंग्लिश माणसाला त्यातलं शेण सांगितलं, की तो "हाउ इंटरेस्टिंग" म्हणतो आणि हवापाण्यावर बोलायला लागतो. अशी भिंत पावसात भिजते आणि वाऱ्यावर वाळते. तिला वारा मिळाला की झालं.

मी बाहेर जाऊन काळ्या तुळया ठोकून पाहिल्या. आवाज पोकळ आला. त्या तुळया नव्हत्याच. दोन पिढ्यांपूर्वी कुणीतरी खऱ्या ओकवर पाईनच्या फळ्या ठोकून काळा रंग फासला होता, घर जुनं दिसावं म्हणून. घर मुळातच शतकानुशतकं जुनं होतं, पण तेवढ्यानं समाधान झालं नसावं. आणि फळ्यांच्या कडेनं सगळीकडे सिलिकॉन भरलेलं.

"हे कुणी केलं?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "मीच! किल्ली मिळाली त्याच वीकेंडला. फळ्यांच्या मागे बोट जाईल एवढी फट होती हो. म्हटलं, आधी वॉटरप्रूफिंग, मग गृहप्रवेश. दादरच्या फ्लॅटला दर मे महिन्यात हेच करायचो."

"अहो डॉक्टर, पेशंटचं नाक-तोंड चिकटपट्टीनं बंद करून भूल देता का तुम्ही? पाणी कुठून तरी आत जातंच. तुम्ही त्याचा बाहेर यायचा रस्ता बुजवलात!"

मंजिरीनं नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला.

कोपऱ्याचा खांब खालून कुजला होता. हिवाळ्याआधी तिथे नवा ओक जोडला नाही, तर पुढची भिंत उतरवावी लागणार होती. उतरवलेली अशी भिंत पुन्हा कुणी उभी करत नाही. त्यात घर लिस्टेड, म्हणजे कायद्यानं जपलेलं. खिळा ठोकायचा तरी कौन्सिलची परवानगी हवी. डॉक्टरांनी सिलिकॉनची कबुली स्वतःच दिली, ओरडा खाल्ला, आणि आम्हाला तपासणीपुरत्या फळ्या काढायची मुभा मिळाली.

आतून ओक निघाला. करडा, वाकडातिकडा, अंगावर जागोजाग सुतारांच्या खुणा. मी नुसती पाहत उभी राहिले. इतकी वर्षं हेच काम करते, पण असं लाकूड पाहिलं की माझे पाय अजून तिथेच खिळतात.

गावाचेही खिळले, पण रागानं. दुसऱ्याच दिवशी नायजेल हजर. गावच्या हेरिटेज सोसायटीचे हे चेअरमन. सोबत कुत्रा.

"आमचं ट्यूडर घर कुठे गेलं?"

"हे काय, समोर उभं आहे."

"हे? हा तर गोठा वाटतोय! आमचं काळं-पांढरं घर गावाच्या बोर्डावर आहे. दुकानात विकतात त्या टी-टॉवेलवर आहे!"

"नायजेल, त्या फळ्या तुमच्या आजोबांच्या काळातल्या आहेत."

"म्हणजे इतिहासच झाला की! तुमच्या देशात फार जुन्या वस्तू पडल्यात, म्हणून तुम्हाला किंमत नसेल."

मी काही बोलले नाही. म्हणजे, इंग्लिशमध्ये काही बोलले नाही.

मग व्हिलेज हॉलमध्ये मीटिंग झाली. इथली रीत अशी, की ज्याचा गळा कापायचा त्याला आधी केक वाढायचा. डॉक्टरांना आग्रह करकरून दुसरा तुकडा देत गावानं ऑब्जेक्शनवर सह्या केल्या. तक्रार एकच: खऱ्या घरामुळे गावाचं हेरिटेज बिघडतंय.

कौन्सिलकडून जुन्या घरांवर लक्ष ठेवणारी ऑफिसर होती फिओना. ती म्हणाली, "खांब दुरुस्त करा. पण फळ्या परत लावा. त्याही आता ऐतिहासिक आहेत."

मी कपाळाला हात लावला. "ठीक आहे. पण मागे फट ठेवून."

"फट?" नायजेल ताडकन उठले. "बाजूनं दिसेल ती! फळ्या घट्ट चिकटवून बसवा."

डॉक्टर माझ्या कानाशी लागले. "मेधाताई, चिकटवल्या तर?"

"तर नव्या खांबाचाही शिरा."

मी पिशवीतून चार लाकडी ठोकळे काढून टेबलावर ठेवले. फळ्या काढताना त्यांच्या मागे सापडलेले. फळी आणि ओक यांच्यामधून वारा खेळावा, म्हणून मुद्दाम बसवलेले.

"नायजेल, फळ्या ऐतिहासिक ना?"

"अर्थात!"

"मग त्यांच्याबरोबरच लागलेले हे ठोकळे?"

नायजेलनी एक ठोकळा उचलला, उलटापालटा केला. गाव पाहत होतं. "हेही... ऐतिहासिकच म्हणायचे."

"आणि ह्यांच्यामुळे राहिलेली फट?"

फिओनानं केकची प्लेट बाजूला ठेवली आणि लिहून घेतलं. परवानगीत अट आली: मूळची फट जशीच्या तशी राखावी. रिकाम्या जागेला हेरिटेजचा मान मिळालेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

थंडी पडायच्या आत खांब जोडला, चुना दिला, ठोकळ्यांवर फळ्या चढवल्या. शेवटची फळी लागली तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढा देखणा ओक, पुन्हा बुरख्यात. पण भिंत उभी होती, आणि केळकर पुन्हा वरच्या खोलीत झोपायला गेले.

आता रविवारी लोक घरासमोर फोटो काढतात. नायजेल फळीवर थाप मारून सांगतात, "ट्यूडर. ओरिजिनल."

पावसाची झड लागली की मला फोन येतो. "मेधाताई, फटीतून वारा शिरतोय हो. थोडंसं सिलिकॉन..."

"डॉक्टर, हात लावाल तर कोर्टात जाल. लिस्टेड आहे ती!"

खरं टिकवायला कधी कधी खोट्याला दारात उभं करावं लागतं. करावं. फक्त दोघांना एकमेकांना चिकटू देऊ नये.