खाडीकडची बाजू

आमच्या स्टेशनाला आधी एकच बाजू होती. गाडीतून उतरायचं, पूल चढायचा, तिकीट खिडकीसमोरून हमरस्त्याकडे बाहेर पडायचं. गाव तिकडेच आहे. दुसऱ्या बाजूला भिंत, आणि भिंतीपलीकडे तिवरांचं रान, चिखल आणि खाडी. नकाशावर त्या बाजूला काहीच दाखवलेलं नव्हतं. तिथे माझी आत्या जायची.

या लाइनीची बोलणी माझे वडील तरणे होते तेव्हापासून चालली होती. ते मिठागरात कामाला होते. मोजणीवाल्यांनी बांधावर लाल फडकी लावलेल्या काठ्या ठोकल्या, तेव्हा त्यातली एक उपटून वडिलांनी घरी आणली आणि तिला शेळी बांधली. रेल्वे काही येत नाही, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मग मिठागरं बंद पडली, भराव पडले, खांब उभे राहिले आणि काम थांबलं. त्या अर्धवट खांबांवर कितीतरी पावसाळे बगळे बसायचे. पुढे निम्म्या लाइनीवर गाड्या सुरू झाल्या, पण त्या आमच्या अलीकडेच थांबून परत फिरायच्या. आम्हाला उरणला जायचं तरी सहा आसनी रिक्षा आणि मुंबईला जायचं तरी एसटी, नाहीतर मोरा बंदरातून लाँच. अखेर एका दुपारी हार घातलेली गाडी न्हावा शेवा स्टेशन मागे टाकून आमच्या फलाटाला लागली.

मी तोवर रेल्वेत परीक्षा देऊन लागलो होतो आणि घाटावरच्या स्टेशनांत मास्तरकी करत होतो. लाइन पूर्ण झाल्यावर बदली मागितली आणि नशिबाने आमच्याच गावचं स्टेशन मिळालं. गावाने मला हार घातला, हातात श्रीफळ दिलं. आत्याही बायकांबरोबर आली होती. तिने खाली वाकून फलाटाच्या लादीवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "लय गुलगुलीत हाय." मला तेव्हा फार अभिमान वाटला, जणू ती लादी मीच बसवली होती.

आत्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच माहेरी परत आली आणि पुन्हा गेली नाही. मिठागरं बंद झाल्यावर वडील घरी बसले, ते बसलेच. तेव्हा आमचं घर आत्याच्या टोपलीवर चाललं. ओहोटी लागली की ती निघायची. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, हातात टोकाला वाकवलेली लोखंडी सळई. चिखलातल्या बिळात सळई घालून ती चिंबोरी, म्हणजे खेकडा, बाहेर ओढायची आणि नांग्या बांधून टोपलीत टाकायची. खुबे-शिंपल्या, निवट्या मासे, मिळेल ते आणायची आणि बाजारात विकायची. तिच्याबरोबर गावातल्या आणखी दोघी असायच्या, तिच्याहून बऱ्याच लहान. मी शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, ते या चिखलावर.

रूळ टाकले ते नेमके त्यांच्या वाटेवर. जुना बांध खाडीकडे जायचा, तो मधोमध कापला गेला. पाणी जायला खालून मोरी ठेवली होती, पण तिच्यातून वाकूनही जाता येत नसे, कायम गाळाने भरलेली. म्हणून फलाटाच्या टोकाला जिथे भिंत संपत होती, तिथल्या फटीतून या तिघी रुळांवर उतरायच्या आणि पलीकडे जायच्या. मी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आत्याला समजावलं. ती म्हणाली की आमच्या लाइनीला गाड्या त्या कितीशा, आणि येणारी गाडी लांबून दिसते. ते खरंही होतं. मी पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा ऐकून घेतलं. मी केबिनमध्ये असलो की ती माझ्या नजरेला पडणार नाही अशा बेताने जायची. माझी पंचाईत होऊ नये म्हणून. ते मला कळायचं आणि मीही त्या वेळी तिकडे बघत नसे.

एका सकाळी गाडी फलाटाला लागायच्या आधीच थांबली. हॉर्न बराच वेळ वाजत राहिला. थोड्या वेळाने गाडी हळूहळू आत आली आणि मोटरमन खाली उतरून थेट माझ्या केबिनमध्ये आला. माझ्याच वयाचा माणूस, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. टोपली घेतलेली म्हातारी बाई रुळात होती, म्हणाला. मागे फिरावं की पुढे जावं हेच तिला कळेना, तशीच उभी राहिली. ब्रेक लागला म्हणून वाचली. तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला, आणि त्याने विचारलं, "ओळखीची आहे का हो कुणी?"

"माझी आत्या आहे," मी म्हणालो.

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मग जाऊ द्या मास्तर. मी काही कळवत नाही. तुम्ही घरी सांगा."

त्याने मला सोडवलं होतं. मी नुसती मान डोलावली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण गाडी गेल्यावर मी फलाटाच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. रुळांत दोन चिंबोऱ्या पडल्या होत्या, नांग्या बांधलेल्या. एक अजून हलत होती. आत्या घरी यायचं सोडून पुन्हा पलीकडच्या तिवरात शिरली होती, दिसत नव्हती. मी परत आलो आणि वरिष्ठांना कळवलं की फलाटाच्या टोकाची फट तातडीने बुजवायला हवी. पाठपुरावाही मीच केला. एरवी नळाची तोटी बदलायला महिने जातात, हे काम मात्र झटकन झालं. भिंत वाढवली, वर काटेरी तार ओढली.

भिंत उभी राहिली त्या संध्याकाळी आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि मीच सांगून करून घेतलं असं सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

"बरा केलास," ती म्हणाली. "मी मेली असती तं तुझ्याच फलाटावर आनून ठेवली असती मना." मग सुपाकडे बघतच म्हणाली, "पन इचारलास न्हाय."

मी काय विचारणार होतो? विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि तरीही मी भिंत घातलीच असती. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. हिशेब बरोबर आहे. तरी तिचं ते वाक्य मला अजून जेवताना आठवतं.

बरोबरच्या दोघींपैकी एकीने खाडी सोडली आणि गोदामात साफसफाईला लागली. दुसरी कंटेनरच्या रस्त्याने लांबून वळसा घालून जायची, ट्रेलरांच्या कडेकडेने. आत्याला तेवढं चालवत नव्हतं. ती घरी राहिली. तिने तक्रार केली नाही, आजारी पडली नाही. फक्त सकाळी उठून कामाला निघाल्यासारखी तयार व्हायची आणि मग दारात उभी राहायची. कोपऱ्यातली सळई हळूहळू गंजत गेली. माझ्या बायकोने एकदा बाजारातून चिंबोऱ्या आणल्या. आत्याने एक हातात घेऊन दाबून पाहिली, पोकळ आहे म्हणाली, आणि त्या दिवशी डाळभातच खाल्ला.

मग मी सुट्टीच्या दिवशी तिला मोटरसायकलवरून वळसा घालून खाडीवर न्यायला लागलो. पहिल्यांदा ती खुशीत आली. पण माझी सुट्टी ठरलेल्या वारी, आणि ओहोटीची वेळ रोज पुढे सरकणारी. दुसऱ्या खेपेला आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी तिवरांच्या बुंध्यांना लागलं होतं. ती टोपली मांडीवर घेऊन बांधावर बसून राहिली आणि मी मोटरसायकलजवळ उभा. तिसऱ्या वेळी मी हाक मारली तर म्हणाली, "खारीच्या पान्याला तुझी सुट्टी ठावं न्हाय. तू झोप जरा."

मी वरिष्ठांना खाडीकडे जिना द्यायची विनंती केली. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांना पुलावर नेऊन प्रत्यक्ष दाखवलं. साहेब चांगला माणूस होता, त्याने शांतपणे ऐकलं. मग तिवरांकडे बघून विचारलं, "पण तिकडे प्रवासी कुठे आहेत?" खरंच, तिकडे प्रवासी नव्हते.

पुढे आत्या स्टेशनात यायला लागली. पहिल्या दिवशी मला ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसली, फलाटाच्या टोकाकडे चाललेली, आणि मी सगळं टाकून धावलो. ती शेवटच्या बाकावर बसली होती, हातात तिकीट. मी धापा टाकत विचारलं की कुठे निघालीस. कुठेच नाही, म्हणाली. इथून भिंतीवरून खाडी दिसते, एवढंच. तिकिटाची गरज नाही असं मी सांगितलं, तर म्हणाली, "तुला कुनी बोलाया नको." त्यानंतर ती ओहोटीच्या वेळेला यायची. पुरा वेळ बसायची आणि भरती लागली की उठून घरी जायची. माझ्या केबिनच्या खिडकीतून तिची पाठ दिसे. गाडीची घोषणा करताना माझा आवाज तिच्या डोक्यावरच्या भोंग्यातून येत असे. मला वाटायचं, तिने एकदा तरी मागे वळून रागाने बघावं. ती वळायची, पण हात हलवून सांगायची की जेवून घे.

जिना अखेर झाला. आत्यासाठी नाही. खाडीकडे भराव घालून नवी गोदामं उभी राहिली, तिथले कामगार गाडीने यायला लागले, म्हणजे प्रवासी झाले. पूल पुढे वाढवला, लिफ्ट बसवली. ती सुरू झाल्यावर मीच आत्याला म्हटलं, चल. गोदामात काम करणारी तिची जुनी सोबतीणही त्या दिवशी सुट्टी घेऊन आली. आत्याने सळई दगडावर घासली, लुगडं खोचलं. लिफ्टमध्ये तिने माझा दंड घट्ट धरून ठेवला. खाली उतरलो तर समोर मुरूम पसरलेला, पत्र्याचं कुंपण, आणि तिवरांची एक अरुंद पट्टी त्याच्या पलीकडे. मी म्हणालो, आता इथे काय मिळणार. दोघी कुंपणाच्या कडेने वाट काढत गेल्या. फलाटावर गाडी यायची वेळ झाली होती म्हणून मी परत फिरलो.

त्या आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. टोपलीत मूठभर खुबे होते, चिंबोरी एकही नाही. बिळं बुजली, असं सोबतीणच म्हणाली. आत्याच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल होता आणि तिच्या पावलांचे ठसे पुलावरून फलाटापर्यंत उमटले होते. मी तिला पाण्याच्या नळापाशी नेलं आणि खाली बसून तिचे पाय धुवायला लागलो. दोन-तीन प्रवासी बघत उभे राहिले.

"अरे, गनवेश भिजतो तुझा," ती म्हणाली आणि पाय मागे घेतला. "मना धुता येतात अजून."

मी बाजूला झालो. तिने एका हाताने नळाचा खांब धरला, दुसऱ्या हाताने पाय चोळले. काळं पाणी गुळगुळीत लादीवरून नाल्याकडे गेलं. धुऊन झाल्यावर तिने तोटी दोनदा फिरवून नीट बंद केली आणि विचारलं की उद्या ओहोटीला मी ड्युटीवर आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाली, "मंग मी येतंय. लिफ्टीत एकलीला भ्या वाटतं."