पोटातला गोल मोकळा ठेवा

मी सोलापुरात मुलींच्या होस्टेलची रेक्टर. नीटची परीक्षा तोंडावर आलीय, मुलींची झोप उडालीय आणि जेवणाची ताटं अर्धी भरलेलीच परत येतायत. कर्नाटक सीमेवरच्या दुधनीची, घरी कन्नड बोलणारी भाग्यश्री तर दुसऱ्यांदा बसतेय. काल ती बॅग भरून दारात उभी होती, "घरी जाते" एवढंच म्हणत.

म्हणून आज सकाळी चित्रकलेच्या एका मॅडमना सुलेखन शिकवायला बोलावलं. त्यांनी प्रत्येकीला बोरू आणि शाई दिली आणि फक्त 'व' काढायला सांगितला.

पहिला प्रश्न आला, "किती मिनिटांत?"

"घड्याळ मी पर्समध्ये टाकलंय," मॅडम म्हणाल्या.

भाग्यश्रीनं सुरेख 'व' काढला आणि त्याच्या पोटातला गोल शाईनं गच्च भरून टाकला. शेजारणीनंही तेच केलेलं. वर्षभर उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करून हाताला तीच सवय लागलेली. सगळ्या हसल्या. भाग्यश्रीला हसताना मी कितीतरी दिवसांनी बघितलं.

मॅडम तिच्याजवळ बसल्या. कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, "हेदरबेड." घाबरू नको. मग मराठीत, "हा गोल मोकळा सोडायचा. अक्षरालाबी श्वास लागतो की. रेघ ओढताना तूपण श्वास सोड."

नंतर तासभर हॉलमध्ये फक्त बोरूची करकर. काय बाई आहे ही, मी बघतच राहिले.

दुपारी भाग्यश्रीचं ताट रिकामं परत आलं. बॅग अजून भरलेलीच आहे, पण पलंगाखाली सरकवलीय.

गोल काळे करायला आपण सगळेच शिकवतो. एखादा मोकळा सोडायला तुमच्या घरी कोण शिकवतं?