भरतीकाकूंचा बांध

भरतीकाकू कधी निरोप घेऊन उठल्या नाहीत. बोलता बोलता त्यांची नजर दाराबाहेर जायची, आणि तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाई अंगण ओलांडून गेलेल्या असायच्या. सख्ख्या पुतणीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी, त्यांनी आपल्या हातातल्या अक्षता माझ्या ओंजळीत ओतल्या. "माज्या वाटच्या तू टाक. पानी चढतंय," म्हणाल्या आणि निघाल्या. खाडीला भरती आली की काकूंना आपल्या बांधावर असावंच लागे. गावाने त्यांचं हे नाव उगाच ठेवलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्न होऊन साताऱ्याहून नवी मुंबईत आले ती मी काकूंच्याच घरातल्या भाड्याच्या खोलीत. नवरा पहाटे मार्केटात कामाला जायचा आणि मी चार भिंतींत. एका अंगाला नवे सेक्टर उठत होते, दुसऱ्या अंगाला खाडी. चौथ्या की पाचव्या दिवशी काकू दारात उभ्या राहिल्या. "सातारकरीन, घरात बसून काय अंडी घालतंस? चल." तेव्हापासून मी त्यांच्या मागे बांधावर जाऊ लागले. मागे म्हणजे खरोखरच मागे, कारण त्यांच्या चालीला माझी चाल कधी पुरली नाही.

बांध काकूंच्या सासरच्या जुन्या माणसांनी खाडीचाच चिखल उपसून घातलेला. आतली जमीन आधी खारट होती. पावसाळ्यामागून पावसाळे तिच्यात गोडं पाणी साठवून सोडून दिलं, तेव्हा कुठे तिथे राता भात, म्हणजे तांबडा जाडा तांदूळ, जीव धरू लागला. गावाची बाकीची शेतं नव्या शहराने घेतली. हा तुकडा तेवढा उरला होता: थोडं भात, जिताडा माशांचं एक तळं आणि बांधापलीकडे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, दाट रान. काकू अधूनमधून बोटावर माती घेऊन जिभेला लावायच्या आणि "गोड हाय" म्हणून तेच बोट माझ्यापुढे करायच्या. मला ती मातीसारखीच लागायची, पण सांगायची छाती नव्हती.

बांधाच्या पोटात कोल्ह्यांची बिळं होती आणि काकूंच्या राज्यात कोल्ह्यांना अभय होतं. याला भूतदया म्हणावं तर तसंही नाही. "खेकडा बांद पोखरतो, नि कोल्हा खेकडा खातो. माजा गडी हाय तो, बिनपगारी," असा त्यांचा हिशेब होता. सरपणाला कुणी तिवर तोडलं तर कोयता काढून घ्यायच्या, कारण लाटेचा पहिला मार तिवर सोसतं. फक्त एका हिवाळ्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी चिखलात उतरले, तेव्हा त्या साफ नाराज झाल्या. "बग कसं उबं रायलंय. ना काम ना धंदा." पण एका पोराने त्या पक्ष्यांवर दगड उचलला, तेव्हा त्याचा कान मात्र लाल झाला.

काकूंचा मुलगा दिनेश तेव्हा लग्नाचा होता. नोकरी नव्हती. गावातल्या पोरांनी भाड्याच्या खोल्या बांधून संसार उभे केलेले तो बघत होता, त्याचंही काही चुकत नव्हतं. "आई, ह्यो भात आता कोन खातो? दसऱ्याला भराव टाकतो नि खोल्या काडतो."

"आनि कोल्हं कुटं जातील?"

"त्यांना काय सोसायटीत फ्लॅट देऊ?"

मला हसू आलं. काकूंना नाही आलं. त्या दिवसापासून त्या ओहोटीलाही बांधावर जाऊ लागल्या. घरात आल्या की भांडी इकडची तिकडे, पाट इकडचा तिकडे. ट्रक येणार तो बांधावरूनच, दुसरी वाटच नव्हती.

श्रावणातल्या अमावास्येला, भर दुपारी मोठं उधाण होतं. काकू कुदळ घेऊन आल्या, "चल" म्हणाल्या. कुठे खेकड्याचं भोक बुजवायचं असेल, असं मला वाटलं. बांध फुटून भगदाड पडलं तर त्याला तिकडे खांड म्हणतात, आणि ज्याला ती दिसेल त्याने "खांड गेली" अशी हाक घालायची, घरटी एक माणूस धावून येणार, ही गावाची रीत. शेतं गेली तरी ती रीत टिकून होती. काकूंनी पदर खोचला आणि स्वतःच्या बांधावर कुदळ घातली.

"काकू, काय करताय!"

आधी बोटाएवढी धार आली, मग कड ढासळली आणि खाडी आत घुसली. माझ्या तोंडून हाक निघणारच होती. काकूंनी मनगट धरलं. "वरडू नको गो. वरडलीस तर धावत येतील नि बांदून काडतील." हिरव्या भातावर गढूळ पाणी चढत होतं, जिताडे बाहेर पळत होते. भरतीच्या वेळी काकू बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. "खाडी आत शिरल्यावर नि वाट तुटल्यावर कोन भराव टाकतो? पन माज्या सासूनं डोईवर माती वायली होती," एवढं बोलल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांना सोडून उठवतही नव्हतं.

गावाला कळलं तोवर खांड बांधण्यापलीकडे गेली होती. तिच्या कडेवर कुदळीचे घाव दिनेशने पाहिले. तो भांडला नाही. आईशी बोलायचाच थांबला. दसऱ्याला एक ट्रक आला आणि पाण्याशी थबकून मागे गेला. दिवाळीनंतर काकूंना त्यांची लेक आपल्या सासरी, करंजाड्याला घेऊन गेली.

होळीच्या सुमारास मी भेटायला गेले. काकू वाळल्या होत्या. उठत होत्या, बसत होत्या. घराचं, लेकाचं काही विचारलं नाही. "कोल्हीनं पिल्लं घातली का?" मी तिकडे फिरकलेच नव्हते, तसं सांगितलं. "मग हितं काय बसलीस? जा, बगून ये, मग बोल." अर्ध्या चहावरून मला उठवलं. तीच आमची शेवटची भेट.

बसमधून उतरून मी थेट खाडीवर गेले. ओहोटी होती. भाताच्या जागी तिवरांची कोवळी रोपं उभी होती, आणि उरलेल्या बांधावर, बिळाच्या तोंडाशी, पिल्लं होती. एकाने खेकडा धरला होता, की खेकड्याने त्याला, ते कळत नव्हतं.

हे काकूंना कळवायचं कसं? परत आले तर दिनेश अंगणात स्कूटर पुसत होता. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. "दिनेशभाऊ, कोल्हीला पिल्लं झालीत. बांधावर."

तो पुसतच राहिला. मग म्हणाला, "किती?"

"तीन दिसली."

त्याने फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि स्कूटरला किक मारली.

"कुठे निघालात?"

"आईला सांगून येतो," दिनेश म्हणाला. श्रावणापासून तो शब्द त्याच्या तोंडी आला नव्हता.