देव नव्हे, देव्व!

"ज्येष्ठ गूढकथाकार ना. देव गेले..." हा मेसेज त्या दिवशी मला चहूकडून येत होता. पुण्याच्या कुणा वाचकाने लिहिलं होतं, "देवकाका, तुमच्यामुळे लहानपणी माळ्यावर जायची हिंमत नव्हती." आणि मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसले होते, पर्समध्ये तिचा चष्मा घेऊन. रडू तर येतच होतं, पण रागही येत होता. गेले काय? गेली! आमची महानंदा गेली. सोलापूरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवणारी, भिंतीला भिंत लागून राहणारी माझी मैत्रीण. आता काही आठवडे झाले आहेत, राग ओसरलाय. तेव्हा म्हटलं, या काकांविषयी आपणच लिहावं.

आमच्या बोळात भिंतीच्या या बाजूला मराठी आणि त्या बाजूला कानडी. माझ्या आईला कानडीचा गंध नव्हता आणि नंदाच्या आईला, म्हणजे अव्वांना, मराठी कामापुरतं. आम्ही पोरी दोन्हीकडे जेवत असू, त्यामुळे आम्हाला दोन्ही भाषा यायच्या. एकदा दिवेलागणीला दोरीवरचं धोतर वाऱ्यानं फुगलं आणि अव्वा ओरडल्या, "देव्व बंतु! देव्व!" कानडीत देव्व म्हणजे भूत. आईने ऐकलं, देव आला! ती तशीच आरतीचं ताट घेऊन धावली आणि डोळे मिटून त्या धोतराला ओवाळायला लागली. अव्वा दाराआडून किंचाळतायत, आईला वाटतंय यांच्या अंगात आलं... आणि धोतर निघालं आमच्याच वडिलांचं. बोळ पुढे कित्येक वर्षं हसत होता. नंदा मात्र हसून झाल्यावर मला म्हणाली होती, "बघ की, एका जोडाक्षरानं देवाचं भूत झालं." लेखिका त्या दिवशी जन्मली असं माझं ठाम मत आहे. अव्वांनी मात्र तो शब्दच घरातून हद्दपार केला. नाव घेतलं की येतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

आणि त्याच घरात बसून नंदा भुतांच्या कथा लिहायला लागली. सकाळी वर्गात पोरांनी विचारलं, "बाई, भूत असतं का?" की ही ठणकावून सांगणार, "नसतं." एकदा मी तिला म्हटलं, अगं, मग हा दुटप्पीपणा कशाला? तर म्हणते, "नसतं म्हणूनच लिहावं लागतंय की. असतं तर लोकांनी बघितलं नसतं का?" पहिली कथा दिवाळी अंकाला पाठवताना टोपणनाव घेतलं ते शाळेसाठी, असं ती आधी मलाही सांगे. खरं कारण अव्वा. जी आई भुताचं नावही घेऊ देत नाही, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझी एकुलती एक लेक त्याच भुतांवर नाव कमावतेय? अव्वांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून ते लपलं. पण तिला ते सलायचं, फार सलायचं. कथेला बक्षीस मिळालं की पेढे माझ्या घरात खायचे आणि तोंड पुसून स्वतःच्या घरी जायचं. नाव घेतलं ना. देव. मराठी वाचकाला वाटावं, असतील कुणी नारायणराव देव. कानडीत मोठ्याने म्हणून बघा, 'ना देव्व'. म्हणजे, मी भूत! हा विनोद महाराष्ट्रात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होता.

आपल्याकडे भूत म्हटलं की कोकण. नारळीची झाडं, विहीर, धुकं. सोलापुरात धुकं आणायचं कुठून? नंदाची भुतं उन्हाळ्यात भर दुपारी बाराला निघायची. "त्या उन्हात दुसरं कोण बाहेर पडतंय?" म्हणायची. तिच्या एका कथेतली मेलेली बाई, ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी येते, आपली घागर भरते आणि शेजारणीचीही भरून जाते. संपादकांना ते काही पटेना. फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ते म्हणाले, "भूत कुठे पाणी भरतं का?" नंदा म्हणाली, "सोलापूरचं हाय. मेलं म्हणून पाण्याची पाळी चुकवंल व्हय?" कथा जशीच्या तशी छापून आली आणि तीच सगळ्यांत गाजली. मला आजही ती वाचताना भीती कमी वाटते आणि माया जास्त.

पहिलं पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशकांनी आपल्या मनाने मुखपृष्ठावर 'नारायण देव' करून टाकलं. त्यांना वाटलं, नाव पुरतं असलेलं बरं. नंदाने फोन लावला. संपादकांसारखे हेही तिला देवांची बायकोच समजायचे. समोरून आवाज, "वहिनी, साहेबांना एकदा विचारून घ्या ना." नंदाने रिसीव्हरवर हात ठेवला, माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "विचारलं. साहेब नको म्हणतात." नारायण गेला, टिंब राहिलं. एरवी तिने कधी कुणाशी आवाज चढवला नसेल, पण त्या टिंबासाठी ती पुस्तक मागे घ्यायलाही तयार होती.

मग इथल्याच एका वाचनालयाने ना. देवांचा सत्कार ठरवला. लेखक येणार नाहीत, त्यांच्या वतीने मी शाल घ्यायची असं आमचं ठरलं. मला शाल मिळणार म्हणून अव्वा हट्टाने आल्या, इरकल नेसून, पहिल्या रांगेत. शेजारी नंदा. माइकवरून नाव पुकारलं, "ना. देव!" मी उठून दोन पावलं गेले असेन, तोच मागून अव्वांचं हसू ऐकू आलं. आम्हा दोघींखेरीज सगळ्या सभागृहात तो विनोद कळलेली ती एकच बाई. हसता हसता त्यांनी लेकीकडे पाहिलं. नंदा मान खाली घालून बसलेली, कानाच्या पाळ्या लाल... अव्वांचं हसू थांबलं. मी होते तिथेच थिजले. इतकी वर्षं जपलेलं सगळं आता सगळ्यांसमोर फुटणार, असं वाटलं. निवेदक म्हणाले, "देवसाहेब आज येऊ शकले नाहीत..." आणि अव्वा उभ्या राहिल्या. त्यांना आपल्या मराठीची लाज वाटायची, चारचौघांत त्या कधी बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला, "हाय की! हितंच हाय! देव्व अल्ल री, नन्न मगळु! भूत न्हाई, माजी पोरगी हाय ती!"

शाल नंदानेच घेतली. मी आयुष्यात इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या नाहीत. बातमी मात्र गावातच राहिली, बाहेरच्या वाचकांसाठी ना. देव काकाच राहिले. घरी गेल्यावर अव्वांनी तिला फर्मावलं, सगळं कानडीत वाचून दाखव. पुढे अव्वा असेपर्यंत दुपारी भिंतीपलीकडून भुतांचे आवाज यायचे आणि मध्येच अव्वांची दुरुस्ती, भूत असं नाही बोलत गं!

नंदा गेल्यावर तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मंडईच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावलाय. आमच्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेलेल्यापेक्षा लावणाऱ्यांचेच फोटो जास्त असतात, पण यावर ती एकटीच आहे. खाली मोठ्या अक्षरांत 'ना. देव' आणि त्याखाली फक्त 'आमच्या बाई'. काल मी तिथे उभी होते. कोथिंबीर विकणाऱ्या म्हातारीने विचारलं, "कुनाचा फोटू हाय ओ? काय लिवलंय?" मी वाचलं, "ना. देव." म्हातारी कानडी असावी. तिने चमकून आधी माझ्याकडे, मग फोटोकडे पाहिलं आणि बोळकं पसरून हसली. "देव्व? ही तर चांगली बाईमानूस हाय की!"

"व्हय," मी म्हटलं, "आमची हाय."