नळापर्यंतची पावलं

वर्षाच्या आढाव्यासाठी आमच्या चौघांच्या कचेरीत शाळेतला व्हिडिओ लावला. मुलांनी जेवणाआधी हात धुवावेत म्हणून आम्ही वर्गापासून नळापर्यंत पिवळी पावलं रंगवली होती. मुलं त्यांवरून उड्या मारत नळापाशी गेली, नळाला हात न लावता वळली आणि तशीच उड्या मारत येऊन जेवायला बसली.

"पाऊल एकही चुकलं नाही हं," आमच्यातल्या नीलिमाताई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. आमचं काम पुढे चालू ठेवायचं का, हे ठरवणारी मंडळी उद्या तीच शाळा पाहणार होती. लोकांच्या सवयी बदलणं हा आमचा धंदा; आमची सवय मात्र रंग वाळला की फोटो काढून निघायची.

"त्या नळाला पाणी येतं ना?" मी विचारलं.

आमच्यापैकी कुणीच तो नळ सोडून पाहिला नव्हता. मग नीलिमाताईंनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.