मावशींनी उचललेलं स्टूल

बालवाडीत झाडलोट करणाऱ्या मावशींची दोन बोटं सरळ होत नसत. लहानपणी अक्षर चुकलं की त्यांचा चुलता पट्टी उभी धरून पेरांवर मारायचा. एकदा पट्टी मोडली, तेव्हा त्याने पाटी घेतली. बोटं मोडली आणि शाळाही सुटली.

मावशी वाचायला शिकल्या त्या थेट बत्तिसाव्या वर्षी. बाई मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायच्या आणि मावशी फरशी पुसता पुसता कान देऊन ऐकायच्या, बाईंच्या बोटाखालची अक्षरं बघायच्या. पुढे बाई रजेवर गेल्या की मावशीच वाचू लागल्या. त्यांचा वाघ खरीखुरी डरकाळी फोडायचा, आणि तो आता कुणाला खाईल हे त्या मुलांनाच विचारायच्या.

मुलांमध्ये चार वर्षांची एक होती, सगळे तिला चिमणी म्हणत. पुस्तक उघडलं की ती दोन्ही कानांवर हात घट्ट दाबायची. एका कानामागे काळंनिळं झालेलं होतं. तिचा बाप गॅरेजात गाड्यांचे पोचे आलेले पत्रे ठोकायचा. त्याला सहीसुद्धा धड येत नव्हती. पोरगी आपल्यासारखी राहू नये म्हणून तो रोज तिच्याकडून दहा अक्षरं काढून घ्यायचा आणि अंकलिपीशी ताडून बघायचा. उलट्या अक्षराला एक थप्पड, असा हिशेब.

एके दुपारी तो तिला न्यायला आला, तेव्हा चिमणी कागदावर रेघोट्या ओढत होती. मांजराला पत्र लिहितेय, असं तिने नुकतंच मावशींना सांगितलं होतं. बापाने कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि तिच्या कानाखाली अशी लगावली की तिचं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आदळलं. रक्ताची धार डोळ्यात उतरली. त्याने केसांना धरून तिला उभं केलं.

"तिला सोडा," मावशी म्हणाल्या.

त्याने मावशींच्या तोंडावर ठोसा मारला. दोन दात फरशीवर पडले. मग तो पुन्हा पोरीकडे वळला. मावशींनी मुलांचं लाकडी स्टूल उचललं. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज साऱ्या खोलीने ऐकला. तो खाली कोसळला तरी त्यांनी स्टूल पुन्हा उगारलं, तेव्हा बाईंनी मागून मिठी घालून त्यांना आवरलं.

"तिसरा घाव त्याच्यावर नव्हताच," त्या नंतर बाईंना म्हणाल्या. "तो माझ्या चुलत्यावर होता."

प्रकरण कोर्टात गेलं. जन्मात तोंड न उघडलेल्या चिमणीच्या आईने तिथे स्वतःच्या पाठीवरचे वळ दाखवले. बापाला शिक्षा झाली, पोरीला वाचवायला मारलं म्हणून मावशी सुटल्या, आईने घटस्फोट घेतला. मावशी मात्र नोकरीला मुकल्या. मुलांसमोर माणूस फोडणारी बाई बालवाडीत नको, असं संस्थेने ठरवलं. मावशी भांडल्या नाहीत. निरोप घ्यायला गेल्या तेव्हा त्यांच्याच मांडीवर बसणारा एक मुलगा त्यांना बघून टेबलाखाली लपला होता. ते मात्र त्यांना दातांपेक्षा जास्त लागलं.

आईला कामावरून यायला संध्याकाळ व्हायची, तोवर चिमणी मावशींच्या खोलीवर राहू लागली. दोन महिने तिने पेन्सिलीला हात लावला नाही. मावशींनीही आग्रह धरला नाही. स्वयंपाक करताना त्या नुसत्या म्हणायच्या, पळी, पातेलं, पाणी, आणखी प कुठे लपलाय? मग वाघाचं तेच ते पुस्तक, शब्दाखाली बोट फिरवत, रोज. एकदा घाईत त्यांनी एक ओळ गाळली, तर चिमणीने पान धरून ठेवलं.

"मावशी, तुम्ही 'पळाली' म्हटलंच नाही."

त्याच आठवड्यात तिने आपणहून कागद मागितला आणि ब काढला, उलटा. काढताच तिचे हात कानांवर गेले, डोळे मिटले.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "हा ब तिकडे बघतोय," त्या म्हणाल्या. "वळेल हळूहळू. याच्या शेजारी बसायला कुणी बाळ ब आहे का?"

हात खाली यायला बराच वेळ लागला. मग चिमणीने शेजारी आणखी एक ब काढला. तोही उलटाच होता.