टॅबला बोलवा

आमच्या बाई वर्गात शिरल्या की हजेरीच्या आधी हनुवट्या. वाकलेल्या पोराच्या मागून यायचं, हनुवटीखाली दोन बोटं लावून मान अलगद वर करायची आणि म्हणायचं, "आपण टॅबकडे जायचं नाही रे राजा. टॅबला आपल्याकडे बोलवायचं."

असोद्याकडच्या आमच्या शाळेत टॅब आले, तेव्हा पोरं सतरंजीवर अशी ओणवी व्हायची की मागून नुसत्या पाठी दिसत. मास्तर म्हणून मला ती शांतता फार आवडायची. बाईंना मात्र ती बघवेना.

त्यांनी पोरांना घरून पाट आणायला लावले. पुढ्यात दप्तर, दप्तराला तिरपा टेकवलेला पाट, पाटावर टॅब. पहिल्या दिवशी दप्तरं इतकी फुगलेली, की पोरं आढ्याकडे बघत गणितं सोडवायला लागली. आम्ही मास्तर मंडळी पोट धरून हसलो. बाईही हसल्या आणि पाट खाली घेतले. गावातल्या आया कुरकुरल्या, "बाई, पाव्हने आले त बसाले पाट नाही घरात!"

"सतरंजी घाला. पाट परीक्षेनंतर परत."

जयूचं दुखणं मात्र घरातलं होतं. अबोल पोरगी टॅबवरच्या गोष्टींमुळे पहिल्यांदाच आपणहून वाचायला लागलेली. टॅब घरी नेऊन खाटेवर मांडीत घेऊन बसायची. मान धरली, तसे वडील शाळेत आले. "पोरगी रडते रातभर. ते यंत्र बंद करा. नाहीतर मी तिले धाडत नाही शाळेत."

शाळा सुटल्यावर बाई मला घेऊन थेट जयूच्या वडिलांच्या केळीच्या बागेत गेल्या.

"भाऊ, घडाच्या वजनानं झाड वाकलं, तर घड तोडून टाकता का?"

"काहून तोडू? टेका देतो ना."

बोलले आणि त्यांचा हात शेजारच्या झाडाच्या टेक्यावर गेला. पुढच्या आठवड्यात जुन्या खोक्याच्या फळ्या ठोकून केलेला तिरपा टेका घेऊन जयू शाळेत आली. मग बापाने साऱ्या वर्गासाठी टेके केले आणि आयांचे पाट घरी गेले.

पण खाली बसलेल्या पोरांच्या हनुवट्या वर करायला बाई दिवसभर वाकत होत्या, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यांच्या मानेला पट्टा लागला. वर्गात शिरताना त्या तो काढून पिशवीत टाकायच्या. "मान अशी ताठ बघून पोरांना वाटेल, बाई चिडल्यात." शेवटी डॉक्टरांनी वाकायलाच बंदी केली. बाईंनी नोकरी सोडली आणि धुळ्याला लेकीकडे गेल्या. त्यांच्याशिवाय वर्ग मला अजून परका वाटतो.

परवा पोरांनी हट्ट धरला म्हणून टॅबवरून त्यांना फोन लावला. बाई आम्हाला बघायला इतक्या पुढे वाकल्या, की पडद्यावर नुसतं कपाळ. वर्ग खदखदून हसला. जयू हसली नाही.

"बाई, तुम्ही नका ना येऊ," ती म्हणाली. "फोनले बोलवा."

पडदा हलला. धुळ्याच्या घराचं छत दिसलं, पंखा दिसला. मग पट्ट्यातली ताठ मान दिसली आणि तिच्यावर आमच्या बाई, डोळे पुसत.